आधी कोच, मग पोरं: देशाचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल संघ निवडताना

निवड चाचणी म्हटलं की चित्र ठरलेलं. मैदानात दोनशे पोरं, अंगावर नंबरचे बिब, कडेला मांडवाखाली चार खुर्च्या आणि त्यातल्या दोघांच्या हातात चहा. त्या खुर्चीवर मी बरीच वर्षं काढली. पेशानं क्रीडाशिक्षक, गाव कोल्हापूर. आधी जिल्ह्याचा संघ, मग राज्याचा, पुढं राष्ट्रीय शिबिरासाठी आमच्या भागातली पोरं सुचवणं, असं करत गेलो. आता नवी मंडळी त्या खुर्चीवर बसायला लागलीत आणि फोन करून विचारतात, "सर, नेमकं बघायचं काय?" त्यांच्यासाठी हे लिहितोय. देशाचा सतरा वर्षांखालचा संघ डोळ्यासमोर आहे, पण जिल्ह्याचा संघ निवडणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कोच ठरल्याशिवाय पोरं बघायला जाऊ नका

आपल्याकडं उलटं चालतं. आधी चाचण्या लागतात, पन्नास-साठ जणांचं शिबिर भरतं, आणि मग कोच येऊन विचारतो, "यातला लेफ्ट बॅक कोण?" तेव्हा कळतं की डाव्या पायाचा एकच पोरगा आहे, तोही कडेनं हल्ला चढवणारा विंगर, मागं बचावाला खेळणारा नाही.

२०१७ चं उदाहरण घ्या. सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्या देशात झाला, यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला. २०१५ पासून जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम संघ बांधत होते. स्पर्धेला वर्षही उरलं नसताना ते गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन दे मातोस आले. मिनर्व्हा अकादमीच्या पोरांनी सराव सामन्यात या राष्ट्रीय संघाला हरवलं, तेव्हा मातोस यांनी त्यांच्यातलीच काही पोरं उचलली. मणिपूरचा जॅक्सन सिंग त्यातला. आधीच्या छाननीत तो बाहेर राहिला होता. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर त्यानं डोक्यानं गोल मारला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. सामना आपण १-२ असा हरलो, गोल मात्र आजही सांगितला जातो.

पोरगा तोच, कोच दोन, निकाल दोन. कोच बदलला की 'चांगला'ची व्याख्या बदलते, आणि दोन वर्षं घातलेल्या मेहनतीतली निम्मी पाण्यात जाते. म्हणून कोच आधी, आणि किमान एका वयोगटाच्या पूर्ण फेरीसाठी, म्हणजे दोन वर्षांसाठी तोच. बिबियानो फर्नांडिस यांचं उदाहरण यासाठीच देतो. गोव्याचे माजी खेळाडू. २०१७ मध्ये त्यांच्या हाताखालच्या भारतीय संघानं पंधरा वर्षांखालची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, स्पर्धा जिंकली, आणि तीच फळी पुढच्या वर्षी मलेशियात सोळा वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेत खेळली. व्हिएतनामला हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य बरोबरीत रोखलं. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१ ने हरले. तो एक सामना जिंकला असता तर विश्वचषकाचं तिकीट हातात होतं. अख्ख्या स्पर्धेत एक गोल खाल्ला. असा बचाव महिन्याभराच्या शिबिरात उभा राहत नाही. चौघं मागं, एक गोलकीपर आणि तोच आवाज कानावर वर्ष-दोन वर्षं पडत राहिला की कुठं ते जमतं.

कोच कसा पारखायचा

परवाना बघाच. एएफसीचा, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचा, 'ए' परवाना नसलेल्या माणसाच्या हातात देशाचा युवा संघ देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण परवान्यावरून एवढंच कळतं की माणूस वर्गात बसलाय आणि परीक्षा पास झालाय.

करंडकांची यादी तर बाजूलाच ठेवा. पंधरा वर्षांखालच्या स्पर्धा दाढी-मिशी लवकर फुटलेल्या पोरांच्या जिवावर जिंकता येतात, हे मैदानावर वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यापेक्षा विचारा, "तुमच्याकडं चौदाव्या-पंधराव्या वर्षी असलेली पोरं आज विसाव्या वर्षी कुठं खेळतात?" चांगला कोच नावानिशी सांगतो. कोण आय-लीगमध्ये, कोण पोलीस भरतीत, कोणाचा गुडघा गेला. ज्याला एकाचंही पुढचं ठाऊक नसतं, त्याला पोरांपेक्षा करंडक जास्त प्यारे होते असं समजा.

आणि मुलाखतीवर थांबू नका. मैदानावर उभं करा. अठरा अनोळखी पोरं, सव्वा तास, विषय त्याच दिवशी सकाळी सांगायचा. समजा, 'गोलकीपरपासून खेळ बांधत मध्यरेषेपर्यंत नेणं'. असे दोन उमेदवार मी एकाच दिवशी पाहिलेत. पहिला लॅपटॉप घेऊन आला. त्याचे खुणेचे प्लास्टिकचे कोन सुरेख मांडलेले, रंगसंगतीसकट. दहा मिनिटं बोलला, मग पोरं दोन रांगांत उभी केली. एकेक जण पास देऊन रांगेच्या शेपटाला जात होता. एका पोराच्या पायाला चेंडू लागायचा तेवढ्यात बाकीची सतरा जणं कंबरेवर हात ठेवून उभी. दुसऱ्यानं तीन मिनिटांत खेळ सुरू केला आणि सव्वा तासात मोजून दोनदाच थांबवला. दोन्ही वेळा मैदानाच्या मधोमध ओरडला नाही. चुकलेल्या पोराच्या खांद्याशी जाऊन उभा राहिला, पोराला दिसतंय तेवढंच आपल्याला दिसावं म्हणून गुडघ्यात किंचित वाकला, आणि विचारलं, "पास द्यायच्या आधी तुला कोण कोण दिसलं?" पोरानं खांदे उडवले. कोचनं चेंडू गोलकीपरकडं परत पाठवला, सगळ्यांना आधीच्या जागी नेलं आणि तोच डाव पुन्हा खेळायला लावला. दुसऱ्यांदा पोरानं मान वळवून बघितलं. कोच काही न बोलता बाजूला झाला. आम्ही कागदावर काही लिहायच्या आत निर्णय झाला होता.

भाषेचं बघा. शिबिरात इंफाळचा, ऐझॉलचा, मलप्पुरमचा, मडगावचा आणि आमच्या शिवाजी पेठेतला पोरगा शेजारी-शेजारी बसतो. सगळ्यांना हिंदी येते हा आपला गैरसमज. परदेशी कोच आणणार असाल तर त्याच्या हाताखाली किमान एक असा सहायक हवा ज्याच्याशी ईशान्येकडची पोरं रात्री नऊ वाजता मोकळेपणानं बोलतील.

उमेदवाराची स्वतःची अकादमी आहे का, तो कुणा एजंटच्या पैशावर आहे का, हे लेखी घ्या. असेल तर त्यानं तिथून बाजूला व्हावं, नाहीतर हा नाद सोडावा. सगळं पाणी इथंच मुरतं.

शेवटची अट, आणि हिच्यावर तडजोड नको. पोलीस पडताळणी, आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करून केलेली चौकशी, आणि मुलींचा संघ असेल तर पथकात जबाबदार पदावर महिला. २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालच्या संघाच्या युरोप दौऱ्यात एका सहायक प्रशिक्षकावर गैरवर्तनाचा आरोप झाला आणि त्याला पदावरून काढावं लागलं. विश्वचषक घरच्या मैदानावर चार महिन्यांवर आलेला. कोच बंद खोलीत एकट्या खेळाडूशी बोलणार नाही, मेसेज करायचा तर गटावरच करेल, हे नियम नेमणुकीच्या पत्रातच असू द्यात. लाजायचं कारण नाही.

पोरं शोधायची कुठं

चाचणीला येतात ती पोरं, ज्यांच्या बापाला चाचणीची जाहिरात कळते. बाकीच्यांकडं आपण जायचं असतं. दिल्लीतली शाळांची सुब्रतो कप, राष्ट्रीय फेडरेशनच्या (एआयएफएफच्या) युवा लीग, राज्यांच्या आंतरजिल्हा स्पर्धा, भुवनेश्वरची फिफा-एआयएफएफ अकादमी, ही नेहमीची ठिकाणं. २०१७ च्या एकवीस जणांत आठ जण एकट्या मणिपूरचे होते, त्यामुळं आता सगळ्यांची पावलं तिकडंच वळतात. वळावीतच. तिथं पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात चेंडू असतो. पण सगळे एकाच विहिरीवर गेले की बाकीच्या तशाच राहतात.

आमचंच सांगतो. कोल्हापुरात हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियम भरतं. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, प्रॅक्टिस, खंडोबा, ही इथल्या तालमी-मंडळांच्या फुटबॉल संघांची नावं. एकेका तालमीमागं अख्खी पेठ उभी. सतरा वर्षांचं पोरगं तिथं तिशीतल्या दांडगटांच्या अंगावर जातं, हजारो लोक शिव्या-शिट्ट्या घालत असतात, आणि ते डगमगत नाही. हा गुण तुम्हाला हिरव्यागार अकादमीतल्या सराव सामन्यात दिसायचा नाही. उलट बाजूही सांगायला हवी. उंच चेंडू, लांब किक आणि टक्कर, यावरच वाढलेल्या पोराला अठराव्या वर्षी छोटा पास शिकवणं अवघड जातं. २०१७ च्या संघातला आमचा अनिकेत जाधव लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. तो इथंच राहिला असता तर पेठेचा हिरो झाला असता, पण त्या विश्वचषकात दिसला असता का, शंका आहे.

परदेशातल्या पोरांबद्दल पालकांचे खूप मेल येतात. पासपोर्ट भारतीय हवा. ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) देशाकडून खेळता येत नाही. २०१७ च्या संघातला नमित देशपांडे अमेरिकेत वाढलेला होता, म्हणजे दार बंद नाही. पण नुसत्या व्हिडिओवर कुणाला बोलावू नका. तीन मिनिटांच्या चित्रफितीत कुणीच चेंडू गमावत नाही.

वय

जन्मदाखला कधी नोंदलाय ते बघा. जन्मानंतर आठवड्याभरात नोंदलेला दाखला आणि शाळेत घालताना काढलेला दाखला यांचं वजन सारखं नाही. आपल्या युवा लीगमध्ये डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडांचं वय काढतात. मुलांच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी फिफा २००९ पासून मनगटाचं एमआरआय करते. हाताच्या हाडाची वाढीची रेघ पूर्ण बुजलेली दिसली की खेळाडू बाद. तेव्हा निम्मं शिबिर उरकल्यावर चाचणी करू नका. सुरुवातीलाच करा, नाहीतर ज्याच्याभोवती मधली फळी बांधली तोच जातो.

खोट्या वयापेक्षाही अवघड दुखणं खऱ्या वयाचं आहे. नियमाची तारीख १ जानेवारी. जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात येतात, आणि पंधराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे मोठा फरक असतो. जगभर युवा संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचा भरणा दिसतो, तो यामुळं. तुमच्या निवडलेल्या यादीसमोर जन्ममहिने लिहून बघा; ऑक्टोबरनंतरचे दोन-तीनच निघाले तर तुम्ही फुटबॉल निवडला नाही, महिना निवडला.

यावर एक साधा उपाय आहे. नेदरलँड्समध्ये प्रयोग झालाय: बिबचे नंबर वयाच्या क्रमानं द्यायचे. एक नंबर सगळ्यात मोठा, बावीस सगळ्यात लहान. निवडणाऱ्याला नंबर दिसताच वय कळतं आणि नजर आपोआप सावध होते. खर्च शून्य.

शरीराची वाढही मोजा. दर तीन महिन्यांनी उंची, उभ्यानं आणि बसून. मुलांमध्ये तेरा-चौदाच्या आसपास वर्षात आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढण्याचा काळ येतो. तेव्हा पोरगं आपल्याच पायात अडखळतं, गुडघ्याखाली नाहीतर टाचेत दुखतं, कालपर्यंत जमणारा फर्स्ट टच हरवतो. अशाला 'फॉर्म गेला' म्हणून काढू नका, थांबा. बेल्जियमनं तर उशिरा वाढणाऱ्या पोरांसाठी राष्ट्रीय पातळीवर 'फ्युचर्स' नावाचा वेगळा संघच ठेवला. आपल्याला वेगळा संघ परवडत नसेल, तर तीसच्या शिबिरात चार जागा तरी अशा पोरांसाठी राखता येतात.

चाचणीच्या दिवशी

अकरा विरुद्ध अकरा, वीस मिनिटं, पुढची बॅच. ही पद्धत बंद करा. वीस मिनिटांत कित्येकांच्या वाट्याला पाच-सहा वेळाच चेंडू येतो, आणि अनोळखी पोरं एकमेकांना पास देत नाहीत. प्रत्येक जण आपला ड्रिबल दाखवतो. चार विरुद्ध चार, मग सात विरुद्ध सात, आणि दुसऱ्या दिवशी निवडक पोरांचे पूर्ण सामने. मधे जागा बदला. विंगरला बॅक खेळवा आणि तो चिडतो की विचार करतो ते बघा.

गुण देऊ नका. दहापैकी साडेसहा म्हणजे काय, हे आठवड्यानंतर तुम्हालाच सांगता येत नाही. वहीत प्रत्येकासमोर एक वाक्य लिहा. "डावा पाय फक्त उभं राहायला." "चेंडू गेला की हात वर करून रेफ्रीकडं बघतो." "मागून आलेल्याला आवाज देतो."

बघायचं काय, तर बहुतेक चेंडूपासून लांबचं. शाहू स्टेडियमवरच्या एका चाचणीत मधल्या फळीत एक बुटका पोरगा होता. बूट थोरल्या भावाचे असावेत, नाडी दोनदा गुंडाळून बांधलेली. त्याला कुणी पास देत नव्हतं. पण चेंडू त्याच्या दिशेनं निघाला की पोचायच्या आत तो डाव्या खांद्यावरून एकदा मागं बघायचा, आणि पहिल्या स्पर्शातच मोकळ्या बाजूला वळायचा. चेंडू समोरच्या संघाकडं असला की त्यांचा सगळ्यात सोपा पास जिकडं जाणार तिकडं तो आधीच दोन पावलं सरकलेला. त्यामुळं तो पास व्हायचाच नाही, आणि जे झालंच नाही ते खुर्चीवरून कुणाला दिसणार? शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "चौतीस नंबरनं काहीच केलं नाही." चांगला मिडफिल्डर बऱ्याचदा असाच दिसतो.

आणखी दोन क्षण टिपा. चेंडू गमावल्यावरचे पहिले पाच सेकंद, आणि गोल खाल्ल्यावर चेंडू मध्यावर येईपर्यंतचा वेळ. पहिल्यात पायांचं कळतं, दुसऱ्यात डोक्याचं. वेगवान पोरं कुणालाही दिसतात, त्यांच्यासाठी निवड समितीची गरज नाही.

गोलकीपर वेगळे बघा, त्यांचाच कोच सोबत घेऊन. चाचणीत कमकुवत शॉट आले तर गोलकीपर हिरो ठरतो. क्रॉसवर, म्हणजे कडेनं गोलसमोर आलेल्या चेंडूवर, तो गोल सोडून बाहेर येतो का आणि पायानं खेळू शकतो का, हे मुद्दाम घडवून आणून बघावं लागतं. तीन घ्या, आणि तिसरा वयानं लहान असू द्या.

वैद्यकीय तपासणीत ईसीजी आणि इकोवर पैसे वाचवू नका. २०१७ च्या संघातल्या अन्वर अलीच्या हृदयाचा दोष २०१९ मध्ये एका क्लबच्या तपासणीत पुढं आला. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, मग तो पुन्हा खेळला आणि भारताच्या मुख्य संघातही आला. सगळ्यांची गोष्ट एवढी सरळ जात नाही.

यादी

यादी करताना फोन येतात. आमदाराचा, संघटनेच्या कुणाचा तरी, जुन्या मित्राचा. मी एक करतो: फोन आला की त्या पोराच्या नावासमोर फोन कुणाचा ते वहीत लिहितो आणि समितीपुढं वाचून दाखवतो. एकदा हे कळलं की फोन कमी होतात. राज्यांच्या कोट्याचं मात्र असं हसून सुटत नाही. 'आमचा एक तरी' हा हट्ट थेट पदाधिकाऱ्यांकडून येतो, आणि तिथं शेवटचा शब्द कोचचा असेल असं नेमणुकीतच लिहिलेलं असेल तरच निभाव लागतो.

प्रत्येक जागेला दोन पोरं, एखादं कुठंही खेळू शकणारं, आणि शेवटच्या दोन जागा खेळापेक्षा स्वभावावर द्या. महिनाभर बाकावर बसून सरावात जीव ओतणारा पोरगा संघाला किती लागतो, हे दौऱ्यावर गेल्याशिवाय कळत नाही. जेवणाच्या रांगेत, बसमध्ये, बाकावर पोरं कशी वागतात ते किटमॅनला विचारा. त्याला सगळं ठाऊक असतं.

वगळलेल्यांची यादीही तेवढ्याच काळजीनं करा, वाक्यांसकट, आणि ती वरच्या वयोगटाच्या कोचकडं द्या. यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पडायच्या आधी प्रत्येक वगळलेल्या पोराला समोर बसवून तीन गोष्टी सांगा: काय आवडलं, काय कमी पडलं, पुन्हा कधी बघायला येणार. तिसरी पाळायची नसेल तर सांगूच नका. आणि बाहेर उभ्या असलेल्या बापानं "किती मार्कांनी गेला?" असं विचारलं, तर वही उघडून त्याच्या पोरासमोरचं वाक्य वाचून दाखवा.